मधल्या फळीवरचा दगड

माणसाला एखादा छंद असावा, असं सगळेच म्हणतात. फक्त तो आपल्या घरातल्या माणसाला असावा, असं कुणी म्हणत नाही. शेजारच्या घरात असला म्हणजे कौतुक करायला सोपं जातं, आणि जागाही त्यांचीच अडते.

पाथर्डी फाट्याजवळच्या त्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, जागा योगिनीनं अडवली होती. हॉलमध्ये शोकेस, शोकेसला तीन फळ्या. वरच्या फळीवर नवऱ्याचे, ललितचे, कंपनीतले सन्मानचिन्हांचे ठोकळे, खालच्या फळीवर सासऱ्यांचा, अण्णांचा, रेडिओ आणि बंद पडलेली पण दुरुस्त होऊ शकणारी घड्याळं. मधल्या फळीवर योगिनीचे दगड.

दगड म्हणजे रस्त्यावरचे नव्हेत. आपल्याकडचा काळा कातळ फोडला की कधीकधी त्याच्या पोटात पोकळी निघते आणि त्या पोकळीत स्फटिक वाढलेले असतात. बाहेरून बघावं तर कोळशाची वखार आणि आतून सराफाचं दुकान. दुपारी सृष्टी झोपली की योगिनीला जो काही तास-अर्धा तास मिळे, त्यात ती भांडी आवरायची सोडून हे दगड घासत बसे. घासायला सृष्टीचा पहिला टूथब्रश. पाच दात आले होते तेव्हाचा, मऊ. एक कान आतल्या खोलीकडे ठेवून, श्वास धरून एकेका स्फटिकाच्या कडेची माती काढायची, आणि आतून ‘आईऽ’ अशी हाक आली की दगड तसाच फळीवर ठेवून धावायचं. अडीच वर्षांच्या मुलीच्या आईला यापेक्षा सलग छंद परवडत नाही.

सासूबाईंची तक्रार दगडांबद्दल नव्हती, फळीबद्दल होती. सखुबाईंनी भिशीत लागलेल्या पैशांतून काचेसारखा चकचकीत डिनर सेट आणला होता आणि तो खोक्यातच गुदमरत होता. पाहुणे यायचे, स्टीलच्या ताटात जेवायचे आणि शोकेसमध्ये दगड बघून जायचे. अशा घराबद्दल लोक काय बोलत असतील, याची सखुबाईंना अगदी शब्दशः कल्पना होती, कारण दुसऱ्यांच्या घराबद्दल त्या स्वतः तेच बोलत.

अशात एका कॉलेजच्या हौशी संग्राहकांच्या प्रदर्शनाची बातमी आली. एक विभाग असा होता की एकाच दगडात निदान तीन प्रकारचे स्फटिक, निसर्गतः एकत्र वाढलेले हवेत. योगिनीनं जेवताना ही बातमी वाचून दाखवली.  मग सखुबाईंनी भाकरीचा तुकडा मोडत निवाडा दिला. प्रदर्शनवाल्यांनी हिचा दगड पास केला तर मधली फळी हिची, जन्माची. नाही केला तर सगळे दगड खाली बागेत, मोगऱ्याच्या आळ्याभोवती लावायचे. तिथंही शोभतीलच.

ललितनं हे ऐकून पाणी पिणं पसंत केलं. लग्न झालेल्या शहाण्या पुरुषाला अशा वेळी तहान लागते.

योगिनीनं अट मान्य केली. अडचण एवढीच होती की तिच्याकडे तीन प्रकारांचा दगड नव्हता. एकाचे होते, दोनाचे होते. तीन म्हणजे एका छोट्या पोकळीत तिघांनी एकमेकांचे कोपरे न मोडता वाढायचं. माणसांना टू बीएचकेमध्ये जमत नाही ते.

तो दगड सापडला सखुबाईंच्याच माहेरी. त्यांचा धाकटा भाऊ वाल्मीक नांदगावकडे विहीर खोल करत होता. विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढीग शेताच्या कडेला पडलाय एवढं कळल्यावर योगिनी सृष्टीला कडेवर घेऊन निघालीच. ढिगात दोन तास उकरून काही मिळालं नाही. हताश होऊन ती चहा प्यायला कांदाचाळीपाशी बसली, तर चाळीवरचा ताडपत्रीचा कागद उडू नये म्हणून ठेवलेल्या दगडांतला एक उन्हात चमकला. कलिंगड फोडल्यासारखा अर्धा. आत पोपटी काचेचे चौकोनी दाणे, ते अपोफिलाईट. त्यांच्या कडेनं पीच रंगाच्या, पंख मिटून बसलेल्या फुलपाखरांसारख्या चकत्या, ते स्टिल्बाईट. आणि मधल्या खोबणीत पांढऱ्या सुयांचा एक गोंडा, फुंकर मारली तर उडेल असा. तो मेसोलाईट. सृष्टीनं एका नजरेत तिघांचं बारसं केलं. हिरवी साखर, बिस्कीट आणि आजीचे केस.

वाल्मीकमामा दगड द्यायला कां कू करतील असं योगिनीला वाटलं होतं. त्यांची अडचण भलतीच निघाली.

“तू ने गं सूनबाई, त्यात काय हाय,” मामा आवाज खाली आणून म्हणाले. “पण भाचेसून पहिल्यांदा एकटी घरी आली आन् मामानं तिला धोंडा देऊन पाठवली, हे गावात कळलं तर मला तोंड दाखवाया जागा नाय राहायची. कोणाला दिसता कामा नाय.”

म्हणून मामींनी आधी रीतसर ओटी भरली. साडी, नारळ, वर कांद्यांची पिशवी. मग दगड लपवायचा प्रश्न. सुयांचा गोंडा तर कशालाही टेकता कामा नये. योगिनीनं सृष्टीच्या बॅगेतले सगळे डायपर काढले आणि दगड त्यांत बसवला. डायपरचा याहून चांगला उपयोग आजवर झाला नसेल. मामींनी वरून जुन्या लुगड्याचं मऊ पटकूर गुंडाळलं, टोक खोचलं. आणि सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की हातात धरल्यावर तो हुबेहूब तान्ह्या बाळासारखा दिसतोय. मामांना हायसं वाटलं. बाळ घेऊन जाणाऱ्या सुनेला गावात कोण नावं ठेवणार?

बसला गर्दी होती. योगिनी चढली ती एका काखेत गाठोडं, एका हातात सृष्टी, आणि कांद्यांची पिशवी पायांनी ढकलत. तिला बघून चतुराबाई नावाच्या एक आजीबाई ताबडतोब उठल्या. नाव त्यांनी स्वतःच सांगितलं, कारण चार आसनांपर्यंतच्या सगळ्यांशी त्यांची ओळख झालेली होती. तान्हं घेऊन उभी कशाला राहतेस, बस, असं म्हणून त्यांनी योगिनीला खांदा धरून बसवलं. पाठीला पाठ लावून आलं का, मुलगा का मुलगी, दूध पुरतं का, हेही विचारून झालं. योगिनी नुसती हसत मान हलवत राहिली. खरं सांगावं तर आजीबाईंची जागा दगडासाठी घेतल्याचं कबूल करावं लागणार होतं. आणि मान हलवून खोटं बोललं की ते अजून खोटं नसतं, अशी तिची एक सोयीस्कर समजूत होती.

“दगड आहे,” सृष्टी म्हणाली.

बसमध्ये हळहळ पसरली. चतुराबाईंनी सृष्टीची हनुवटी धरून समजावलं की भावाला असं म्हणू नये. पुढच्या आसनावरच्या बाई म्हणाल्या, मोठ्याला असं वाटतंच, आमच्याकडं पण थोरलीनं बाळाला उकिरड्यावर टाकायला सांगितलं होतं. कंडक्टरनंही तिकिटाचं मशीन थांबवून, तू ताई आहेस ना, असं सुनावलं.

“दगड आहे!” सृष्टीचा ओठ खाली वळला. “आई, सांग ना.”

तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. एवढी सगळी मोठी माणसं, सगळी आपल्याला खोटं ठरवतायत, आणि जिनं सांगायचं ती आई गप्प. योगिनीनं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा गाठोड्याकडे, आणि लुगड्याचं टोक सोडलं. डायपर बाजूला केला.

“ती बरोबर सांगतेय,” ती म्हणाली. “दगडच आहे.”

 चतुराबाईंनी वाकून पोपटी दाणे पाहिले, पांढरा गोंडा पाहिला, आणि मग सरळ उभ्या राहत शांतपणे विचारलं, “मग मला उठवलंस कशाला, बाई?”

 योगिनी उठली, चतुराबाई बसल्या. कंडक्टरनं दगडाचं सामान म्हणून तिकीट फाडायचं की कसं यावर थोडा विचार केला, पण डायपर घातलेलं सामान त्याच्या कोष्टकात नसावं. थोड्या वेळानं चतुराबाईंनीच हात पुढे केले. दे इकडं, म्हणाल्या, खड्ड्यात हिसका बसला तर ते केस मोडायचे. मग सृष्टी त्यांच्या एका मांडीवर आणि दगड दुसऱ्या मांडीवर, अशी वरात द्वारका चौकापर्यंत आली. उतरताना चतुराबाईंनी दगडावरून बोटं मोडली. सवयीनं.

घरी दगड मधल्या फळीवर बसला आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. वरच्या मजल्यावरच्या शुभांगीवहिनींनी तो ईशान्येला चालणार नाही, असं सांगितलं. नैऋत्येला ठेवावा, आणि पौर्णिमेला गच्चीवर चांदणं दाखवून मिठाच्या पाण्यात बुडवावा. नैऋत्येला वॉशिंग मशीन होतं. मिठाचं पाणी ऐकून योगिनीनं दगड उचलून पोटाशीच धरला. सोसायटीचे सेक्रेटरी सोमनाथराव वेगळ्याच काळजीनं आले. त्यांनी फळी बोटानं वाजवून पाहिली आणि इमारतीवर येणाऱ्या जादा भाराबद्दल एक सूचना फलकावर लावली. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. ‘काही सभासद’ एवढंच. मराठी माणसाचा अपमान नाव घेऊन झाला तर तो भांडू शकतो. ‘काही सभासद’ म्हटलं की नुसतं जिन्यात मान खाली घालून चालावं लागतं. योगिनी आठवडाभर तशी चालली.

मग प्रवेशअर्ज. कॉलेजच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी ‘खनिजाचे नाव’ या रकान्यात तीन नावं बघून अर्ज परत सरकवला. एका रकान्यात एकच नाव बसतं. तीन नावं असतील तर तीन अर्ज. तीन अर्ज म्हणजे तीन टेबलं, आणि दगड तर एकच आहे असं तुम्हीच म्हणता. मग तो तीन टेबलांवर कसा ठेवणार? मुद्दा बिनतोड होता. एकत्र वाढलेल्यांच्या विभागालाच हा नियम लावला तर विभागात येणार कोण, असं योगिनीनं विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की म्हणूनच अजून कुणी आलेलं नाही. शेवटी तिनं तिन्ही नावांच्या मध्ये छोट्या रेघा मारून एकच लांब नाव केलं. ते त्यांनी लगेच घेतलं. वाचायला जड होतं, म्हणजे बरोबरच असणार.

आता फक्त प्रदर्शनाचा दिवस उजाडायचा होता. आदल्या दिवशी दुपारी योगिनी सृष्टीला लस द्यायला घेऊन गेली. घरात सखुबाई आणि अण्णा.

सासरे, म्हणजे भिमाजीअण्णा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. वस्तू तुटली की टाकायची नसते, या तत्त्वावर त्यांचा देवाहून जास्त विश्वास. योगिनी परतली तेव्हा अण्णांनी दगड खोक्यात बांधूनसुद्धा ठेवला होता. कापूस, डायपर, वरून सुतळीच्या फुल्या. लस टोचलेली लेक खांद्यावर कण्हत होती, सकाळी लवकर निघायचं होतं, आणि कुणीतरी न सांगता आपलं काम करून ठेवलं होतं. योगिनीला इतकं भरून आलं की तिनं खोकं उघडून पाहिलं नाही. सखुबाई संध्याकाळभर फार गोड बोलत होत्या, त्याचा अर्थही तिनं चुकीचा लावला.

प्रदर्शनाला सगळं घर आलं. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. परीक्षक पल्लवी मॅडम भूगर्भशास्त्र शिकवत. त्या हातात भिंग घेऊन हसऱ्या चेहऱ्यानं टेबलापाशी आल्या आणि योगिनीनं सुतळी सोडली.

खोक्यातून जो दगड निघाला तो तिचाच होता, पण लग्नाला निघाल्यासारखा. जिथं काळा कातळ मोकळा होता तिथं आता हिरवे दाणे होते. कडेला जांभळ्या गारगोटीचे दोन सुळके. खाली दुधी मणी ओळीनं. हे सगळं ती सुटे तुकडे ज्यात साठवायची त्या बिस्किटांच्या डब्यातलं. 

पल्लवी मॅडमनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “नमुना सुंदर आहे,” त्या जपून म्हणाल्या. “पण हे सगळे एकत्र वाढलेले नाहीत. काही एकत्र आणलेले आहेत. हे कुणी चिकटवलं?”

योगिनीनं वळून पाहिलं. अण्णांचा चेहरा अजून कौतुकाची वाट बघत होता. इस्त्रीच्या शर्टात ते शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या मुलासारखे उभे होते. फळी गेली, हे तिला कळून चुकलं होतं. आता फक्त कुणामुळे गेली, एवढंच उरलं होतं.

“मी,” योगिनी म्हणाली.

“तू कशाला?” अण्णा दुखावलेच. त्यांचं श्रेय असं उघड उघड दुसऱ्यानं न्यावं? “मॅडम, मी लावलंय. हलवून बघा. जन्मात सुटणार नाही.”

“आधी माझ्या हातून तुटलं,” सखुबाई एकदम बोलल्या. मग त्या थांबल्याच नाहीत. पाहुणे येणार म्हणून फळी पुसायला गेले, फडक्याला एक हिरवा खडा अडकून निघाला. पोरगी घरी नाही, उद्या प्रदर्शन. वाटलं, ही म्हणेल फळीसाठी मुद्दाम केलं. म्हणून ह्यांना म्हटलं लावून द्या.

“एकच खडा होता, मग बाकीचे?” मॅडमनी विचारलं.

अण्णांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “एका खड्याला लागतं कितीसं? ट्यूब एकदा उघडली की वाळून जाते, मॅडम. वाया कशी घालवायची?”

पल्लवी मॅडमच्या तोंडावर काहीतरी झालं. त्यांनी ते भिंगामागे लपवलं. बहुधा त्यांच्याही घरी अशी उघडलेली ट्यूब संपवणारं कुणीतरी असावं. दगड विभागात घेता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण मूळचे तिघे खाली शाबूत आहेत, डिंक हळूहळू विरघळवता येतो, तो निघालेला खडा मात्र गेला तो गेला. जखम दिसत राहील. मग जरा विचार करून त्या म्हणाल्या, कॉलेजच्या मुलांना खरं आणि चिकटवलेलं ओळखायला शिकवायचंच असतं, त्यासाठी दाराजवळ एक रिकामं टेबल आहे. चालेल का?

योगिनीचा दगड अशा रीतीनं प्रदर्शनात बसला. पुढे पाटी: ‘चिकटवलेला नमुना कसा ओळखावा?’ तिला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण त्या पोकळीत जाऊन स्फटिक व्हावं. ती सृष्टीला घेऊन लांबच्या खुर्चीवर बसली.

पण टेबलामागे अण्णा उभे राहिले होते. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी आव्हान दिलं, यातले माझे कोणते आणि देवाचे कोणते, सांगा बघू. पोरं वाकून वाकून शोधू लागली. कुणी बरोबर ओळखलं की अण्णा हळहळायचे, चुकलं की खूश व्हायचे. सखुबाई दुसऱ्या बाजूला. सुरुवातीला गप्प, मग न राहवून त्या बोलू लागल्या. ते हिरवे खरे, ते ह्यांचे. तो पांढरा गोंडा बघा, त्याला कोण चिकटवणार? तो दगडातच वाढलाय. माझ्या माहेरच्या विहिरीत. एक शिष्ट गृहस्थ पाटी वाचून, म्हणजे सगळंच खोटं की, असं म्हणून पुढे निघाले, तर सखुबाईंनी त्यांना परत बोलावलं, भिंग हातात दिलं आणि तिघांची नावं सांगितली. अपोफिलाईट, स्टिल्बाईट, मेसोलाईट. एकही उच्चार चुकला नाही.

योगिनी लांबून ऐकत होती. ही नावं सखुबाईंना तिनं कधी शिकवली नव्हती. दुपारी दगड घासताना योगिनी ती पुटपुटायची, आणि स्वयंपाकघरात सखुबाई लसूण सोलत बसलेल्या असायच्या, एवढंच.

घरी आल्यावर कुणी फळीचा विषय काढला नाही. ललितला तर रिक्षातच तहान लागली होती. पण शब्द तो शब्द. योगिनीनं पदर खोचला, टोपली आणली आणि मधल्या फळीवरचे दगड एकेक करून उतरवू लागली. सृष्टी शेजारी बसून प्रत्येकाला टाटा करत होती.

“ते कुठं चाललेत?” सखुबाईंनी विचारलं.

“खाली. मोगऱ्यापाशी. ठरलं होतं ना, आई.”

सखुबाईंनी टोपलीतला एक दगड उचलला, पदरानं पुसला आणि फळीवर ठेवला. मग दुसरा. “पाऊस लागेल त्यांना तिथं,” त्या म्हणाल्या. “डिनर सेट राहील माळ्यावर. तो फुटला तर बाजारात दुसरा मिळतो. आणि पुढच्या साली त्या मॅडमच्या टेबलावर खराच ठेवायचा. आपल्या नावाची पाटी दाराशी लागली, हे काय बरं दिसतं का?”

 योगिनीनं टोपली त्यांच्याकडे सरकवली, आणि दोघी मिळून दगड लावत राहिल्या. अण्णा डिंक विरघळवायचं औषध कुठल्या दुकानात मिळेल याची चौकशी करायला निघून गेले होते, अर्थात नाराजीनं. स्वतःचं काम स्वतःच सोडवायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

फळी भरली तशी सखुबाईंनी मोबाईल घेतला आणि येवल्याला बहिणीला फोन लावला. लंकाबाईंच्या नवीन घराचं बांधकाम सुरू व्हायचं होतं, पुढच्याच आठवड्यात भूमिपूजन होतं. आधी जमिनीत कातळ किती खाली लागतो याची चौकशी झाली. मग सखुबाई खिडकीपाशी गेल्या, पण त्यांचा आवाज हॉलभर ऐकू येतच होता.

“अगं, घर एकमजलीच बांध, मी कुठं नाही म्हणते? पण माझं ऐक लंके, पाया तीन मजल्यांचा खण.”